ल्युपस : आजार एकीला, पथ्य घरादाराला

मधुमेह, रक्तदाब, दमा ही नावे आता घराघरांत माहीत झाली आहेत. एखाद्याला मधुमेह आहे म्हटले की त्याच्या चहात साखर घालू नये, हे शेजारणीलाही सांगावे लागत नाही. 'ल्युपस' हे नाव मात्र बहुतेकांच्या कानावर प्रथम पडते ते डॉक्टरांच्या खोलीत, आणि तेही स्वतःच्या मुलीच्या, सुनेच्या किंवा पत्नीच्या बाबतीत. नाव अनोळखी, आजार वर्षानुवर्षे चालणारा, आणि वरून पाहावे तर माणूस धडधाकट! अशा वेळी घरातली माणसे गोंधळून जातात. कोणी घाबरते, कोणी लपवते, कोणी विश्वासच ठेवत नाही. पंचवीसहून अधिक वर्षांच्या जनरल प्रॅक्टिसमध्ये असे रुग्ण मी मोजकेच पाहिले. पण त्या प्रत्येकीच्या बाबतीत एक गोष्ट दिसून आली. आजार किती जोराचा आहे याइतकेच, घर कसे वागते यावरही तिचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून आज आजाराबरोबरच घराविषयीही लिहितो.

हा आजार आहे तरी काय?

आजाराचे पूर्ण नाव 'सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस', थोडक्यात एस.एल.ई. 'ल्युपस' म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात म्हणून युरोपातल्या जुन्या वैद्यांनी हे नाव दिले, असे सांगतात.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. या आजारात तिला आपले कोण आणि परके कोण हे ओळखू येईनासे होते आणि ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू लागते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. हा हल्ला त्वचेवर होतो, सांध्यांवर होतो, रक्तातल्या पेशींवर होतो, मूत्रपिंडांवर होतो. हृदय व फुप्फुसांची आवरणे आणि मेंदूही त्यातून सुटत नाहीत. त्यामुळे दोन रुग्णांची लक्षणे सहसा सारखी नसतात.

दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो. म्हणजे शिक्षण, लग्न, बाळंतपण आणि संसार यांच्या ऐन धामधुमीत. पुरुषांना आणि लहान मुलांनाही तो होतो, पण कमी. त्याचे एकच एक कारण नाही. आनुवंशिक कल, स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके, ऊन, काही जंतुसंसर्ग अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. एक मात्र ठामपणे सांगतो. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने तो होत नाही. तो कोड नाही, कुष्ठरोग नाही, कर्करोगही नाही. कुणाची नजर लागल्याने किंवा कुणी काही केल्याने तर नाहीच नाही.

कधी शंका घ्यावी?

नाक आणि दोन्ही गालांवर पसरलेला, फुलपाखरासारखा दिसणारा लाल चट्टा. उन्हात गेले की अंगावर चट्टे उठणे किंवा आजार उसळणे. सकाळी बोटांचे व मनगटांचे सांधे आखडणे आणि दुखणे. वारंवार तोंड येणे. केसांचे पुंजके गळणे. कारण न सापडणारा बारीक ताप. आणि झोप घेऊनही न जाणारा थकवा. यांपैकी एखादे लक्षण कुणालाही असू शकते. पण तरुण स्त्रीमध्ये तीन-चार लक्षणे एकत्र आली, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिकवर भागवू नये.

निदानासाठी ए.एन.ए. ही रक्ततपासणी करतात. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. मात्र उलट खरे नाही. अनेक निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह आढळते. त्यामुळे केवळ हा कागद हातात घेऊन कोणी रडत बसू नये. लक्षणे, रक्ताच्या इतर तपासण्या आणि लघवीची तपासणी एकत्र पाहूनच निदान होते. लघवीची साधी तपासणी स्वस्त असली तरी फार मोलाची. ल्युपसच्या सुमारे निम्म्या रुग्णांत केव्हा ना केव्हा मूत्रपिंडांना झळ पोहोचते आणि सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत, एवढीच काय ती खूण असते.

'दिसत तर काही नाही!'

एका मोठ्या एकत्र कुटुंबातली सव्वीस वर्षांची सून सासूबाईंबरोबर दवाखान्यात आली. वर्षभर ठिकठिकाणच्या शक्तीच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळी हिला उठवत नाही, भाकरी थापवत नाही. आणि दुपारी पाहावं तर शेजारणीशी हसून बोलत असते. आता तुम्हीच सांगा, हे दुखणं म्हणायचं की सोंग?"

सोंग नव्हते. हातांचे सांधे सकाळी दोन-दोन तास आखडलेले असत, म्हणून भाकरी थापता येत नव्हती. दुपारपर्यंत ते सैल होत. गालांवरचा चट्टा 'उन्हाने रापली' म्हणून सोडून दिला गेला होता. लघवीत प्रथिने निघाली. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले आणि तेथे ल्युपसचे निदान झाले.

औषधे सुरू झाली, पण खरी अडचण घरात होती. पुढच्या खेपेला मी सासूबाईंना आणि तिच्या पतीला समोर बसवले. सासूबाईंना पूर्वी टायफॉइड झाला होता. त्यांना म्हटले, "टायफॉइडमधून उठलात तेव्हा पाण्याचा तांब्या उचलताना हात थरथरत होते ना? हिची गत अधूनमधून तशीच होते. फरक इतकाच, की हिचा ताप तुम्हाला दिसत नाही." त्यांना ते पटले. पाणी भरणे आणि सकाळचा स्वयंपाक धाकट्या जावेकडे गेला. भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास आणि दुकानाचा हिशेब हिच्याकडे आला. जावेची कुरकुर पुढे बरेच दिवस चालू होती, हेही सांगितले पाहिजे. पण हिला सक्तीने उठवणे थांबले, औषध वेळेवर पोटात जाऊ लागले आणि चार-सहा महिन्यांत लघवीतली प्रथिने कमी झाली.

ल्युपसचा थकवा आळसाचा नसतो. तो कमी-जास्त होतो. आज बरे वाटते म्हणून उद्या वाटेलच असे नाही. रुग्ण हसते-बोलते म्हणजे तिला काही होत नाही, असा अर्थ घरच्यांनी काढू नये. आणि रुग्णानेही बरे वाटते त्या दिवशी आठवड्याची कामे एकदम उपसू नयेत. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करावी लागते.

ऊन हे मोठे पथ्य

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ल्युपस उसळतो. केवळ चट्टेच नव्हे, सांधे आणि आतले अवयवही बिघडू शकतात. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बायांना हे पथ्य सर्वांत जड जाते. खुरपणी, काढणी अशी उन्हातली कामे सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर करावीत. पूर्ण बाह्यांचा सुती झगा, डोक्यावर व चेहऱ्यावर पदर किंवा ओढणी, जमल्यास छत्री असावी. परवडत असेल तर डॉक्टरांना विचारून सनस्क्रीन मलम लावावे. कामाची वेळ बदलणे तिच्या एकटीच्या हातात नसते, ते घराने ठरवायचे असते.

औषधे : खरा धोका सोडण्यात

या आजारावर कायमचा उतारा नाही, पण उपचार उत्तम आहेत. १९५० च्या सुमारास निदानानंतर चार-पाच वर्षांत निम्मे रुग्ण दगावत. आज नीट उपचार घेणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात आणि पुढे अनेक वर्षे संसार, नोकरी करतात. हा फरक औषधांनी आणि वेळेवरच्या तपासण्यांनी घडवला.

पहिले औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हे मुळात मलेरियाच्या औषधांतले. २०२० साली करोनाच्या सुरुवातीला लोकांनी भीतीपोटी ते घेऊन ठेवले आणि ज्यांना ते रोज लागते त्या ल्युपसच्या रुग्णांना दुकाने पालथी घालावी लागली. करोनावर त्याचा उपयोग नसल्याचे पुढे सिद्ध झाले. ल्युपसमध्ये मात्र ते पायाचा दगड आहे. त्याने आजार उसळण्याचे प्रमाण घटते. ते बहुतेकांना कायम घ्यावे लागते. मात्रा वजनानुसार ठरते. डोळ्याच्या पडद्यावर क्वचित परिणाम होतो, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासावेत. डोळ्यांच्या भीतीने गोळीच बंद करणे मात्र चूक.

दुसरे औषध स्टिरॉइड. आजार जोरात असताना ते जीव वाचवते. त्याने भूक वाढते, चेहरा गोल होतो, रक्तातली साखर व रक्तदाब वाढू शकतो, हाडे ठिसूळ होतात. म्हणूनच डॉक्टर त्याची मात्रा हळूहळू कमी करत आणतात. ते अचानक बंद करणे मात्र जिवाशी खेळ आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवते. गोळी एकदम सोडली की उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, माणूस कोसळू शकतो. शिवाय दबलेला आजार उसळून वर येतो. मूत्रपिंडासारखा अवयव सापडला असेल तर मायकोफिनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड, अझाथायोप्रिन यांसारखी औषधे तज्ज्ञ देतात. त्या काळात ठरल्या वेळी रक्ततपासणी चुकवू नये.

आता एक खरी हकिकत. एका बावीस वर्षांच्या मुलीचा ल्युपस औषधांनी छान आटोक्यात आला होता. लग्न ठरले. 'फोटोत चेहरा सुजलेला दिसेल' म्हणून आईने लग्नाआधी तिच्या गोळ्या बंद करवल्या. सासरी आजार सांगितलेला नव्हता. थोड्या दिवसांनी मुलीनेच घाबरून गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण चोरून. कधी मिळाली, कधी नाही. चौथ्या महिन्यात पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, रक्तदाब १७० वर. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणी झाली, मोठी इंजेक्शने घ्यावी लागली. ती वाचली, डायलिसिसची वेळ आली नाही. पण मूत्रपिंडांची जी शक्ती गेली ती पूर्ण परत आली नाही. तिचा नवरा माझ्यासमोर म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर गोळ्या मीच आणून दिल्या असत्या." त्याचा सासऱ्यांवरचा राग पुष्कळ दिवस टिकला. मुलीला दोन्हीकडून सोसावे लागले.

मात्रा कमी झाली की चेहऱ्याचा गोलपणा बहुतेक वेळा ओसरतो. मूत्रपिंडाचे तसे नसते.

लपवालपवी कुणाच्या फायद्याची?

मुलीच्या आजाराची वाच्यता केली तर लग्न जमणार नाही, ही आईबापांची भीती मला समजते. ती खोटीही नाही. पण रोज गोळी घ्यायची, उन्हात जायचे नाही, दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करायची, मूल केव्हा हे डॉक्टरांना विचारून ठरवायचे, हे सारे लपवून संसार कसा व्हायचा? चार स्थळे गेली तरी चालतील. ज्या घराला ठाऊक आहे तेच घर अशा मुलीला सुरक्षित. बोलणीच्या वेळी दोन्हीकडच्या मंडळींनी डॉक्टरांकडे एकत्र यावे. मी अशी भेट आनंदाने देतो आणि तिचे पैसे घेत नाही.

कधी कधी खुद्द रुग्णापासूनच आजार लपवला जातो. अमेरिकेतल्या प्रसिद्ध लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांचे वडील १९४१ साली ल्युपसने वारले. पुढे ऐन पंचविशीत त्यांनाही तोच आजार झाला. आईने धसका घेतला आणि तुला संधिवात आहे असेच त्यांना सांगितले गेले. १९५२ साली एका मैत्रिणीने खरे नाव सांगितले, तेव्हा रागावण्याऐवजी त्यांनी तिचे आभार मानले. मग त्यांनी दिवसाचा क्रमच आखला. सकाळचे दोन-तीन तास लेखन, उरलेला वेळ आराम. आईच्या शेतावर राहून १९६४ साली ३९ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्या लिहीत राहिल्या. तेव्हा आजच्यासारखी औषधे नव्हती. आपल्याला काय झाले आहे हे कळले म्हणजे माणूस त्याप्रमाणे आयुष्याची मांडणी करू शकतो. तो हक्क आपल्या मुलीलाही हवा.

वडील आणि मुलगी दोघांना आजार, हे वाचून कोणी धास्तावू नये. ल्युपस असलेल्या आईची बहुतेक मुले निरोगी असतात.

पाळणा केव्हा हलणार?

ल्युपसच्या स्त्रीला मूल होऊ शकते. मात्र वेळ निवडावी लागते. आजार किमान सहा महिने शांत असावा, मूत्रपिंडे व रक्तदाब ठीक असावेत, आणि गर्भाला घातक औषधे आधीच बदललेली असावीत. मायकोफिनोलेट व सायक्लोफॉस्फामाइड ही त्यांतली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात. 'पोटात बाळ आहे, आता कुठली गोळी नको' म्हणून ती बंद करू नये. तोवर कुटुंबनियोजनाचे साधन कोणते वापरावे हे डॉक्टरांना विचारावे, कारण काही गर्भनिरोधक गोळ्यांनी या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

काही रुग्णांत रक्त गोठण्याशी संबंधित विशिष्ट प्रतिपिंडे असतात आणि वारंवार गर्भपात होतात. अशा वेळी सुनेला बोल लावण्याऐवजी तपासणी करावी. ॲस्पिरिन आणि हेपॅरिनच्या उपचाराने अशा पुष्कळ स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात.

घरातली बाकी माणसे

एकीच्या आजाराचा भार सगळे उचलतात. पती कामाचे खाडे करून शहरात तपासणीला जातो, पैशाची ओढाताण होते. मुले गप्प होतात. 'माझ्यामुळे आई आजारी पडली का?' असे एका आठ वर्षांच्या मुलाने मला विचारले होते. मुलांना साध्या शब्दांत सांगावे : आईला एक आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही, आई औषध घेते आहे. रुग्णाला उदासीनता येऊ शकते. ती आजाराने, औषधाने किंवा परिस्थितीनेही येते. मरणाचे विचार बोलून दाखवले तर 'मन घट्ट कर' एवढ्यावर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे, गुळवेल, अनोळखी पुड्या घरचे प्रेमाने आणून देतात. या आजारात शक्ती कमी पडलेली नसते, ती भलत्याच दिशेला वळलेली असते. तिला आणखी चेव आणण्यात फायदा नाही. नाव नसलेल्या पुडीत स्टिरॉइड किंवा जड धातूही असू शकतात.

घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे

१. गोळ्यांची वेळ कॅलेंडरवर लिहून घरातल्या आणखी एका माणसाने लक्ष ठेवावे. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. स्टिरॉइड रिकाम्या पोटी घेऊ नये. उपासाचे चार घास खाऊन घ्यावे.

२. सारे कागद एका फाइलमध्ये ठेवावेत. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्यावी आणि स्टिरॉइड चालू असल्याचे आधी सांगावे.

३. दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणू नयेत. त्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

४. ताप अंगावर काढू नये. या औषधांवर असताना जंतुसंसर्ग लवकर बळावतो. कोणतीही लस डॉक्टरांना विचारून घ्यावी.

५. बरे वाटत असले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी लघवी, रक्त आणि रक्तदाब तपासावा.

६. लघवीला फेस, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज, छातीत दुखणे, दम लागणे, झटके, भ्रम, तीव्र डोकेदुखी, एका पायाला अचानक सूज यांपैकी काहीही आढळले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

७. औषध झेपत नसेल, परवडत नसेल किंवा सासरी-माहेरी घेता येत नसेल, तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. मात्रा बदलता येते, स्वस्त पर्याय सुचवता येतो, सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी देता येते. गोळी परस्पर बंद केलेली मात्र आम्हाला कळते ती बहुधा सूज आल्यावरच.